तो भोंगा आमचा नव्हता

"तुमी मले मागावर बसवलं ना बाप्पा!"

नंबर अनोळखी, आवाज मात्र पाठ झालेला. एडिटिंग करताना तो मी पन्नासदा तरी ऐकला असेल. गेल्या हिवाळ्यात नागपूरला सीताबर्डीच्या एका टपरीवर तर्री-पोहे खाताना हे काका भेटले होते. एम्प्रेस मिल या जुन्या कापडगिरणीच्या गोष्टी सांगू लागले, मी विचारून मोबाइल पुढे धरला, नाव-नंबर घ्यायचं राहूनच गेलं. आमच्या इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये ते 'एक जुने विणकर' म्हणून गेले. नातीनं त्यांना ऐकवलं आणि माझा नंबरही तिनंच शोधून दिला.

चूक फोनवरही दुरुस्त झाली असती. पण काका म्हणाले, "घरी या, दाखवतो." मग काय, विदर्भ एक्सप्रेस.

सकाळी उतरून आधी गांधीसागर तलावापाशी गेले. गिरणीच्या जागी आता मॉल आहे, नाव तेवढं एम्प्रेसचं. पाच मिनिटांत तिथून निघाले.

काकांचं घर गोळीबार चौकाजवळ. ही वस्ती कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची, म्हणून मी परस्पर त्यांना विणकर करून टाकलं होतं. घरात माग होता खरा, पण तो वडलांचा. काका त्यावर कधी बसलेच नाहीत. ते गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या कामाला.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पॉडकास्टच्या त्याच भागात मी रिंगचं पुराण लावलं होतं! जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. दलदलीची जागा भरून काढताना, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणत एका सावकारानं पैसे नाकारल्याचा किस्साही सांगितला. पुढे बेझनजी मेहता व्यवस्थापक असताना इथे रिंग चात्या, म्हणजे सूत कातायची नवी यंत्रं आली, लँकेशायरच्या गिरण्या अजून जुन्या यंत्रांना धरून होत्या तेव्हा. हे सगळं झोकात सांगितलं, आणि रिंगवरच हयात काढलेला माणूस नेऊन मागावर बसवला.

काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा एक दोरा ओढला आणि आजींची कापसाची वात घेतली. "ही समजा रुळातून येणारी पेळू. धागा तुटला का गुडघ्यानं चाती थांबवायची, बॉबिनवरचं टोक शोधायचं, कडीतून वर घ्यायचं अन् कापसाले नुसतं टेकवायचं. पीळ त्याचा तोच बसते."

"गाठ नाही मारायची?"

"गाठ मारली का पुढं मागावर तुटते, अन् शिव्या आपल्याले!"

मी तीनदा करून पाहिलं. तिन्हीदा वात नुसती पिंजली गेली. आजी म्हणाल्या, "देवाजवळची होती वो ताई ते."

निघताना काकांनी थांबवलं. "तो गिरणीचा भोंगा कुठचा लावला होता तुमी?"

इंटरनेटवरून उचललेला, मी कबूल केलं.

"तरीच. आमचा नव्हता तो. आमचा जाड होता."

आणि ओट्यावर उभं राहून, तोंडाशी दोन्ही हात धरून, काकांनी भोंगा दिला. समोरचं दार उघडलं, गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. रेकॉर्डिंगमध्ये सगळं आलंय. एडिट करणारा मित्र विचारत होता, कुत्रं काढू का. राहू दे म्हटलं.