‘आम्ही’पासून ‘आहोत’पर्यंत: ठाणे ते ऐरोली, २६ नोव्हेंबर

मे महिन्यात ऑस्लोहून भाचीचे फोटो आले. १७ मे, नॉर्वेचा संविधान दिन. १८१४ साली आइड्सव्होल इथे जमलेल्या ११२ प्रतिनिधींनी राज्यघटना केली, तिचा वाढदिवस. तिकडे त्या दिवशी सुट्टी असते. रणगाडेबिणगाडे काही नाहीत. शाळाशाळांची मुलं झेंडे नाचवत राजवाड्यासमोरून जातात, राजा वरून हात हलवतो. मोठी माणसं आपापल्या भागाचा ठेवणीतला पारंपरिक पोशाख, ‘बुनाड’, घालून मिरवतात आणि पोरांना त्या दिवशी हवं तेवढं आईस्क्रीम. फोटोंखाली भाचीचा प्रश्न होता, “मावशी, आपल्याकडे काय करतात गं?”

“करतात की,” असं मोघम लिहून मी वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला ध्वजवंदन आणि समोसे होतात. २६ नोव्हेंबरला, आपल्या संविधान दिनी, कचऱ्याची गाडी येते, एवढंच. म्हणून यंदा त्या दिवशी रजा टाकली आणि बघायला निघाले. प्रवास म्हणाल तर ठाणे ते ऐरोली. हसू नका.

सकाळी आठला कोर्ट नाक्यावर पोचले. बाबासाहेबांच्या पुतळ्याला ताजे हार होते, खाली मेणबत्त्या. रस्त्याच्या कडेला एकाने प्लास्टिकच्या कापडावर पुस्तकं मांडली होती आणि त्यात ‘भारताचे संविधान’ची जाडजूड मराठी प्रत होती. काळा कोट हातावर टाकलेले एक वकीलकाका ती चाळत उभे होते. मी आपलं सहज विचारलं, संविधान लागू झालं २६ जानेवारीला, मग दिवस आजचा का?

“आज ते स्वीकारलं, ताई. १९४९ साली. आणि सगळंच काही जानेवारीपर्यंत थांबलं नव्हतं.” त्यांनी पुस्तकात अनुच्छेद ३९४ काढून दाखवला. नागरिकत्वाचे अनुच्छेद, पाच ते नऊ, त्याच दिवशी अमलात आले. मूलभूत हक्क वगैरे बाकीचं बहुतेक सगळं दोन महिन्यांनी. म्हणजे माणसं आधी नागरिक झाली, गणराज्य मागून आलं. चाळीस वर्षं मी २६ जानेवारीला झेंड्याला सलाम करतेय, हे कुणी सांगितलं नव्हतं. काका पुढे म्हणाले, वकील मंडळी १९७९ पासून हा दिवस ‘लॉ डे’ म्हणून पाळत आलीत; सरकारने देशभर संविधान दिन म्हणून सुरू केला तो २०१५ साली. मग घड्याळाकडे बघत कोर्टात पळाले. तारीख होती.

ठाणे स्टेशनात शिरताना एकाच खांबावर दोन फलक दिसले. वर संविधानाची उद्देशिका, खाली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचा फोटो आणि २६/११. आपल्याकडे ही तारीख २००८ पासून दुहेरी झाली आहे. एका बाईंनी खालच्या फलकाला हात लावून तो छातीला लावला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बर पकडली. दिघा गाव आणि मग ऐरोली, बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ. रिक्षाने सेक्टर पंधरा. नवी मुंबई महापालिकेने उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचा पांढरा घुमट लांबूनच दिसतो. आत ग्रंथालय आहे, बाबासाहेबांच्या आयुष्यातली छायाचित्रं आहेत. ती मी नंतर सावकाश पाहिली. पण त्या दिवशी मी अडकले ती बाहेर, मुलांच्या घोळक्यात.

सातवी-आठवीची तीसेक मुलं आली होती. हातात घरी केलेले तक्ते. एका तक्त्यावर मूळ हस्तलिखितातल्या उद्देशिकेच्या पानाची रंगीत प्रत चिकटवली होती. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं वळणदार इंग्रजी अक्षर, भोवती ब्योहर राममनोहर सिन्हा यांची नक्षी. एक किडकिडीत मुलगा पुस्तकातलं पान त्याच्याशेजारी धरून बोट फिरवत होता.

“बाई, यात शब्द कमी आहेत. चोरले कुणी?”

बाईंनी ओरडायच्या ऐवजी त्यालाच शोधायला लावलं. समाजवादी नाही. धर्मनिरपेक्ष नाही. मग बराच वेळ काही सापडेना, आणि शेवटी एका मुलीने तिसरा पकडला: ‘एकात्मता’ही नाही. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीत हे शब्द आले, असं बाईंनी सांगितलं. मुलगा म्हणाला, “म्हणजे चोरले नाहीत, वाढवले.” मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकातलं ते पान उलटून थेट पहिल्या धड्यावर गेले आहे. ह्या पोराने ते ताडून पाहिलं.

मग वाचन. माईकने दोनदा शीळ घातली आणि मान टाकली, तेव्हा बिनमाईकचं. एक मुलगी एकेक तुकडा सांगायची, बाकीचे मागून म्हणायचे. तुम्ही कधी ती मोठ्याने म्हणून पाहिली आहे का? अख्खी उद्देशिका म्हणजे एकच वाक्य. सुरुवात ‘आम्ही’ आणि शेवट ‘आहोत’. मधे न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता सगळं येऊन जातं, आणि तोवर क्रियापदाचा पत्ता नाही. दम पुरवून वापरावा लागतो. ‘प्रवर्धित’पाशी निम्मी मुलं घसरली. कुणी ‘परिवर्तित’ केलं, कुणी नुसतंच पुटपुटलं. सांगणारी मुलगीही त्याच्या जरा आधी गडबडली होती; ‘राष्ट्राची एकता’वरून थेट ‘यांचे आश्वासन’वर गेली.

“पोरी, एकात्मता खाल्लीस.”

कठड्यावर बसलेल्या आजी बोलल्या. पांढरं लुगडं, निळी किनार, हातात कापडी पिशवी, समोर कागद नाही. मुलगी ओशाळली; आजींनी मानेनेच ‘म्हण पुढं’ म्हटलं आणि मग तिच्या आवाजात आवाज मिसळून शेवटपर्यंत गेल्या. ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून’ तर अशा म्हणाल्या, जशी माझी आई हरिपाठ म्हणायची. कुठेही न अडखळता, थोडी हेल काढून.

मी शेजारी जाऊन बसले. पाठ कसं केलंत, विचारलं.

“दर रविवारी विहारात म्हणतो की आम्ही. त्रिसरण-पंचशील झालं की हे. डोळ्याला दिसत नाही आता, पर तोंडाला येतंय.” मग माझ्याकडे वळून, “तुला येतंय का?”

मी म्हणून पाहिलं. ‘उपासना यांचे स्वातंत्र्य’पर्यंत गेले आणि थांबले. आजींनी पुढचे दोन शब्द दिले, ‘दर्जाची व’, आणि वाट पाहत बसल्या. त्यांनी मला शेवटच्या ‘आहोत’पर्यंत ढकलत नेलं, तेव्हाच पिशवी उचलली.

वाचन झालं तसे बाई मुलांना खाऊ वाटायला लागल्या. रांगेच्या टोकाला मी उभी होते, मलाही मिळाला.

परतीच्या गाडीत भाचीला मुलांच्या वाचनाचं रेकॉर्डिंग पाठवलं, आजींच्या आवाजासकट. ऑस्लोत दुपार व्हायची होती, उत्तर लगेच आलं. “मावशी, ही मधेच कोण ओरडली?” आणि त्याखाली, “आईस्क्रीम होतं का?”

“राजगिऱ्याचा लाडू,” मी लिहिलं, आणि पिशवीतून काढून अर्धा खाल्ला.