जुन्या बॅकअप टेप, नोंद 3: नऊपैकी सहा उतरल्या

मागची नोंद लिहिली तेव्हा मशीनला टेप वाचणारा ड्राइव्ह नुसता दिसला म्हणून मी खूश होतो. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली.

आठवण म्हणून सांगतो, मित्राच्या वडिलांनी कपाटात जपलेल्या या 9 टेप. सात डीडीएस, म्हणजे 4 मिलिमीटरच्या, आणि दोन पाव इंची क्यूआयसी. सहा संगणकावर पूर्ण उतरल्या, दोन अर्ध्यावर अडल्या आणि एकीला अजून हात लावलेला नाही. ‘इतक्या जुन्या टेप, खराबच झाल्या असणार’ असं बरेच जण म्हणाले होते. पण ज्या एररनी माझी झोप उडवली, त्यांतल्या बहुतेकांच्या वेळी टेप ठणठणीत होती. चुकत होतो मी.

टेप 1 आणि 2

पहिल्याच वाचनाला ‘इनपुट/आउटपुट एरर’. हा शब्दप्रयोग म्हणजे डॉक्टरनं ‘अशक्तपणा आहे’ म्हणण्यासारखा, त्यातून काहीच कळत नाही. ड्राइव्हची स्थिती विचारली तर तो 512 बाइटच्या ठरावीक ब्लॉकवर (ब्लॉक म्हणजे एका वेळी लिहिला-वाचला जाणारा तुकडा) अडकून बसलेला. टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ कमांडला ‘सेटबीएलके 0’ सांगून ब्लॉकच्या मापाचं बंधन काढलं. मग एरर बदलली: ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’. मशीनमध्ये 16 जीबी रॅम, समोर जेमतेम 1.3 जीबीची टेप, आणि मेमरी पुरत नाही? तरी मी शहाण्यासारखा ब्राउझर बंद करून पाहिला. पाऊण तास असाच घालवला.

शेवटी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडला. त्यात सरळ लिहिलं होतं की 32768 बाइटचा ब्लॉक 10240 बाइटच्या मागणीत वाचता आला नाही. म्हणजे उत्तर तिथेच पडलं होतं! टेपवर हार्ड डिस्कसारखे एकाच मापाचे कप्पे नसतात. लिहिणाऱ्यानं जेवढा ब्लॉक पाठवला, तेवढा अख्खा एका घासात घ्यावा लागतो. फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या-सोडणाऱ्या ‘टार’ प्रोग्रॅमला काही सांगितलं नाही तर तो 20 गुणिले 512, म्हणजे 10240 बाइटचं ताट पुढे करतो. वाढप 32768 चं आलं की लिनक्सचा टेप ड्रायव्हर मेमरीची तक्रार करतो. रॅमचा इथे काडीचा संबंध नाही. 32768 भागिले 512 बरोबर 64. टेप सुरुवातीला गुंडाळून नेली, ‘टार’ला ब्लॉकिंग फॅक्टर 64 दिला आणि फाइलींची यादी धबधब्यासारखी पडायला लागली.

आता माझी सवय अशी: टेप कुठलीही असो, आधी ‘डीडी’ या जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या कमांडला 256 केबीचा बीएस (ब्लॉकचं माप) देऊन एकच ब्लॉक वाचायचा आणि किती बाइट आले ते पाहायचं. टेपचं माप टेपच सांगते.

दुसऱ्या टेपवर एकच बॅकअप आहे असं मी दोन दिवस धरून चाललो होतो. निघाले चार. एसटी0 हे डिव्हाइस वापरत होतो, ते प्रत्येक कमांडनंतर टेप मागे गुंडाळतं. त्यामुळे दर वेळी पहिल्याच बॅकअपला नमस्कार होत होता. मग मागे न गुंडाळणारं एनएसटी0 वापरलं, एकेक फाइलमार्क (दोन बॅकअपमधली खूण) ओलांडत गेलो, काम झालं. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं.

टेप 4 आणि 5

या दोन्ही विंडोजवरच्या. बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट केल्या तर चौथी ‘अनोळखी’ आणि पाचवीचा कॅटलॉग, म्हणजे फाइलींची यादी, अपुरा. चिकटपट्टीवर शाईनं स्वच्छ लिहिलेलं: चौथीवर ‘भाग 1’, पाचवीवर ‘भाग 2’. तीन वेळा साफ करून, पुन्हा घालून पाहिलं. शेवटी पहिला ब्लॉक हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट दिसेल असा, उघडला. अगदी सुरुवातीला टी-ए-पी-ई ही चार अक्षरं. म्हणजे मायक्रोसॉफ्ट टेप फॉरमॅट, विंडोजच्या एनटीबॅकअप प्रोग्रॅमच्या बीकेएफ फाइलींमध्ये असतो तोच. या पहिल्या मथळ्यात संचाचा एक ओळख क्रमांक असतो आणि त्या संचात ही कितवी टेप तेही असतं. दोन्हींचा ओळख क्रमांक एकच. पण ‘भाग 1’ लिहिलेल्या टेपच्या पोटात आकडा 2 आणि ‘भाग 2’च्या पोटात 1!

चिकटपट्ट्यांची अदलाबदल झाली होती. इतकी वर्षं टेप बिचारी खरं सांगत होती आणि मी शाईवर विश्वास ठेवत होतो.

क्रम सुधारल्यावर पहिली टेप ओळखली गेली, पण कॅटलॉग तरी पूर्ण होईना. या फॉरमॅटमध्ये कॅटलॉग बॅकअप संपल्यावर लिहिला जातो, म्हणून तो शेवटच्या टेपच्या शेपटाला असतो, आणि नेमकं तेच शेपूट वाचताना ड्राइव्ह कण्हत होता. मग टेपवरचा तयार कॅटलॉग वापरायचा पर्याय काढून टाकला आणि प्रोग्रॅमला एकेक फाइल वाचत स्वतःची यादी करू दिली. दोन टेपना मिळून रात्र लागली. सकाळी सगळी फोल्डरं जागेवर.

टेप 6, किंवा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा

इथे मात्र दुखणं खरं होतं. सेन्स की (ड्राइव्हनं दिलेला एररचा कोड) 3, त्याखाली 11/00: माध्यमातच दोष, वाचता न आलेला ब्लॉक. मी ‘डीडी’ला ‘नोएरर’ (एरर आली तरी थांबू नको) आणि ‘सिंक’ हे दोन्ही पर्याय लावून झोपायला गेलो. डिस्कसाठी हे सगळेच सांगतात. सकाळी 1.1 जीबीच्या टेपची इमेज जवळजवळ 9 जीबी.

कारण साधं आहे, पण माझ्या डोक्यात यायला चहाचे दोन कप लागले. मी बीएस 256 केबी दिला होता. टेपवरचे ब्लॉक होते 32 केबीचे. ‘सिंक’चं कामच आखूड ब्लॉक शून्यांनी भरून पूर्ण मापाचा करायचं. म्हणजे प्रत्येक 32 केबी खऱ्या मजकुराला 224 केबी भुसा. बरोब्बर आठपट. टेपसाठी ‘सिंक’ लावू नका, निदान ब्लॉकचं नेमकं माप माहीत नसताना तरी नाही.

पण एक बरं झालं. भुसा नियमित होता, म्हणून टेप पुन्हा चालवायची गरज पडली नाही. प्रत्येक 256 केबीतले पहिले 32 केबी उचलणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि इमेज परत 1.1 जीबीवर आली. दुखऱ्या टेपला शक्य तितकं कमी पळवायचं असतं, त्यामुळे हे समाधान मोठं.

राहिले खराब ब्लॉक. पहिल्या ड्राइव्हमध्ये 41 गेले होते. टेप एकदा टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळली, हेड साफ केलं, 41 चे 38 झाले. मग दुसरा ड्राइव्ह मागून आणला आणि 3 वर आलो. डीडीएसमध्ये हेड फिरत्या ड्रमवर असतं आणि टेपवर तिरक्या पट्ट्या लिहितं. लिहिणाऱ्या ड्राइव्हचा तिरपेपणा जरासा हललेला असेल, तर दुसऱ्याला त्या पट्ट्या नीट सापडत नाहीत. तेव्हा 11/00 आली म्हणून लगेच टेपवर फुली मारू नका. अजून दोन ड्राइव्हना तरी विचारा.

तीन ब्लॉक गेले तरी बुडाल्या दोनच फाइली. ‘टार’ पुढचा मथळा शोधून पुन्हा रुळावर येतो. टेप 7 चं नशीब असं नाही. तीही ‘टार’च, पण जीझिपनं दाबलेली. मध्यावर एक ब्लॉक गेला आणि त्यापुढचं सगळं अडलं. अर्धीच हाती आहे. ज्यानं कोणी जागा वाचवायला ते केलं, त्याचं काय करावं?

टेप 8

पाव इंची कार्ट्रिज सरळ ड्राइव्हमध्ये घालायचं नाही, एवढं मी मागच्या वेळी तुमच्याकडून शिकलो होतो. खालची पत्र्याची प्लेट काढून पाहिलं तर आतला ताणाचा पट्टा सैल पडून एका जागी टेपला चिकटलेला. तसंच चालवलं असतं तर टेपवरचा थर पट्ट्याबरोबर निघून आला असता. नखानं नाही, लाकडी काडीनं, हळूहळू सोडवला. मग नव्यातल्या एका निकामी कार्ट्रिजमधला पट्टा काढून इथे बसवला. या कामात घाम फुटतो, कारण क्यूआयसीत टेपची टोकं चक्रीला जोडलेलीच नसतात. टोक जवळ आल्याची खूण म्हणजे टेपमधली भोकं, ती प्रकाशानं ओळखली जातात. आतल्या छोट्या आरशावर धूळ असली की ड्राइव्हला भोक दिसत नाही आणि टेप सुटून बाहेर येते. आरसा दोनदा पुसला.

वाचली, पण ‘टार’ म्हणाला हे टार नाहीच. हेक्समध्ये 257 व्या जागेपासून यू-एस-टी-ए-आर ही टारची खूण दिसायला हवी. तिथे आसपास दिसलं यू, शून्य, टी, एस, आर, ए. नीट पाहा, जोडीजोडीनं बाइट उलटे झालेत. काही जुन्या मशीनवर टेप अशीच लिहिली जायची. ‘डीडी’ला ‘स्वॅब’ (जोडीतल्या बाइटची अदलाबदल कर) सांगितलं आणि अख्खी टेप मिनिटभरात सरळ झाली.

उरलेलं

टेप 3 वर कोणीतरी नंतर छोटा बॅकअप घेतलाय. तेवढा उतरला. त्यापुढे सेन्स की 8, म्हणजे ड्राइव्हच्या मते कोरी टेप. त्यापलीकडे जुना मजकूर नक्की आहे, पण डेटा संपल्याची खूण ओलांडायला ड्राइव्ह तयार नाही. लिहायला सुरुवात करून मध्येच वीज काढायची युक्ती मला ठाऊक आहे. एकुलत्या एका प्रतीवर मी ती करणार नाही.

सगळ्या इमेज आता जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या सिमएच प्रोग्रॅमच्या टॅप फॉरमॅटमध्ये ठेवतोय. प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर चार बाइटमध्ये त्याची लांबी, फाइलमार्कच्या जागी शून्य. ब्लॉकची मापं जपली जातात, साध्या इमेजमध्ये ती हरवतात.

टेप 9 चा पट्टा आठवीपेक्षा वाईट अवस्थेत आहे आणि माझ्याकडचं निकामी कार्ट्रिज संपलं. दुसरं मिळालं की पत्रा उघडतो.