आमची वाटचाल : ८४ पानांचा अल्बम आणि सहा कामं

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका गाळ्यात २०११ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने डिझाइनचं काम सुरू केलं. आधी लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून स्वतःच्या नावाने पाकीट काढणारे व्यापारी आमच्याकडे जास्त येऊ लागले. केलेलं प्रत्येक काम आम्ही एका जाड अल्बमात लावत गेलो. तो ८४ पानांचा झाला, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पुण्यातल्या एका मसाला व्यवसायाच्या मालकीणबाईंसमोर तो ठेवला. त्यांनी वीसेक पानं उलटली आणि विचारलं, “छान आहे सगळं. पण यात तुम्ही नेमकं काय केलंत?” मी भरभरून सांगायला लागलो. सांगता सांगताच जाणवलं, यातलं काहीच पानावर नाही. अडचण काय होती, आधीचं पाकीट कसं होतं, अक्षरं कुणी काढली, फोटो कुणाचा, काही म्हणजे काही नाही. ते काम मिळालं नाही. परतीच्या एसटीत भाऊ म्हणाला, “दादा, तू तोंडी सांगितलंस ना, तेच लिहून काढू या.”

अल्बममधून सहाच कामं ठेवली आणि त्यांचा नवा पोर्टफोलिओ, म्हणजे ग्राहकाला दाखवायचा कामांचा संच, लिहून काढला. पत्रिका काढून टाकताना जिवावर आलं, कारण पहिल्या वर्षाचं भाडं त्यांच्यावरच निघालं होतं. पण आम्हाला पाकिटांची कामं हवी होती.

त्या सहांतलं हळदीचं काम माझ्या सगळ्यात जवळचं. जुन्या पाकिटावर पिवळ्या रंगावर सोनेरी अक्षरं होती. किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं, पाकीट मागच्या फळीवर, मध्ये पाच-सहा फूट. तिथून नाव वाचताच येत नव्हतं. म्हणून आमचा पहिला फोटो तोच : जुनं पाकीट फळीवर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथून काढलेला. मग हाताने काढलेली तीन कच्ची रेखाटनं, त्यातली दोन का सोडली ते दोन ओळींत. मग नवं पाकीट, त्याच फळीवर, तेवढ्याच अंतरावरून. गडद किरमिजी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘हळद’. पांढऱ्या अक्षरात आजूबाजूची शाई शिरते आणि रेघा बारीक होतात, म्हणून ‘ळ’च्या मधल्या गाठीपाशी रेघ मुद्दाम जाड ठेवली होती. तो ‘ळ’ एका पानावर पंजाएवढा मोठा करून लावला. शेवटी एक ओळ : रंग सातावरून चारावर आणले. ग्रॅव्हूर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत, रंगागणिक वेगळा सिलिंडर लागतो, तेव्हा तीन सिलिंडरचा खर्च वाचला. व्यापारी मंडळी ही ओळ आधी वाचतात, आणि त्यात गैर काही नाही.

बेदाण्याच्या पाकिटात मात्र आम्ही चुकलो. पोर्टफोलिओत संगणकावर तयार केलेलं चकचकीत चित्र लावलं होतं. छापलेलं पाकीट एका ग्राहकाने हातात घेतलं, तर मागच्या उभ्या सीलखाली घटकांच्या यादीतली अक्षरं गेलेली. चित्रात ते सील नव्हतंच. त्या दिवसापासून माल भरलेलं, सील केलेलं पाकीट खिडकीशी धरून फोटो काढतो आणि भेटीला जाताना खरं पाकीट पिशवीत नेतो. प्रत्येक कामाखाली मांडणी कुणाची, अक्षरं कुणाची, छायाचित्र कुणाचं हेही लिहितो. दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर दिसणं मला सहन होत नाही.

सध्या गुळाच्या खोक्याचं काम छापून आलंय. ते घालायचं तर सहांतलं एक काढावं लागेल, आणि कुठलं यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. फळीवरचा फोटोही व्हायचाय. दुकानदार म्हणालेत, रविवारी दुपारी या, तेव्हा गर्दी नसते.