वेकफिल्डची बार्बरा हेपवर्थ

भारतातून कुणी आमच्याकडे लीड्सला आलं की मी त्यांना आधी वेकफिल्डला नेते. ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. कॅल्डर नदीच्या काठावर २०११ मध्ये सुरू झालेलं ‘द हेपवर्थ वेकफिल्ड’ हे संग्रहालय शिल्पकार बार्बरा हेपवर्थच्या नावाचं आहे. तिचा जन्म १९०३ मध्ये याच गावात झाला. वडील काउंटीचे सर्व्हेअर होते. त्यांच्या गाडीतून यॉर्कशरच्या डोंगररस्त्यांवर फिरताना या मुलीला टेकड्या शिल्पांसारख्या दिसायच्या, असं तिने स्वतःच सांगून ठेवलंय.

लीड्सच्या आर्ट स्कूलमध्ये हेन्री मूर तिच्याबरोबर शिकायला होता. पुढे ब्रिटिश शिल्पकलेत आधी मूरचं नाव घ्यायचं आणि मग हिचं, असा रिवाज पडला. मला तो पटत नाही. दगडाला आरपार भोक पाडून ती पोकळीच शिल्पाचा भाग करायची, हे तिने मूरच्या आधी, १९३१-३२च्या सुमारास केलं. अलाबास्टर या मऊ दगडाचं ते शिल्प पुढे युद्धात नष्ट झालं.

१९३४ मध्ये तिला तिळं झालं. पहिल्या लग्नाचा एक मुलगा होताच. युद्धाच्या तोंडावर ती मुलं आणि दुसरा जोडीदार, चित्रकार बेन निकल्सन, यांच्यासह इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला आली. दिवसभर घर, मुलं, भाजीपाला. रात्री चित्रं काढायची. मोठी शिल्पं करायला ना जागा होती ना वेळ. तरी हात थांबू दिला नाही. १९४६ च्या ‘पेलागोस’मध्ये एल्मचं लाकूड लाटेसारखं आत वळलंय, आतून फिकट निळसर रंगवलंय आणि दोन टोकांमध्ये दोऱ्या ताणल्यात. तिथल्या सेंट आइव्हज गावाचा उपसागर एका ओंडक्यात मावलाय.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटतात ती तिची हॉस्पिटलची चित्रं. मी इथे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, म्हणूनही असेल. तिळ्यांतली सारा हाडांच्या संसर्गाने आजारी पडली, तेव्हा एक्सेटरचे सर्जन नॉर्मन केपनर यांच्याशी या घराची ओळख झाली. त्यांनी बार्बराला ऑपरेशन बघायला बोलावलं. १९४७ ते १९४९ या काळात तिने थिएटरमध्ये उभं राहून टिपणं केली आणि स्टुडिओत येऊन चित्रं रंगवली. चित्रांत रक्त जवळजवळ नाहीच. आहेत ते मास्कच्या वर दिसणारे डोळे आणि हात. गुळगुळीत पांढऱ्या थरावर रंग लावायचा, मग तो खरवडायचा आणि त्यावर पेन्सिलीने रेघ ओढायची. म्हणजे चित्रातसुद्धा ती कोरतच होती.

ते हात मी रोज बघते. एकाने धरलेलं दुसऱ्याने अलगद हातात घ्यायचं, सगळ्यांची नजर एकाच जागी, कुणी बोलत नाही. तिने ते अचूक पकडलंय. आणि हे चाललं होतं त्याच काळात, जुलै १९४८ मध्ये, एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली.

पुढचं यश मोठं आहे: न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर ६.४ मीटर उंचीचं ‘सिंगल फॉर्म’, १९६५ मध्ये ‘डेम’ हा, पुरुषांच्या ‘सर’सारखा, किताब. दुःखही मोठंच. थोरला मुलगा पॉल हवाई दलात असताना १९५३ मध्ये विमान अपघातात गेला. ती स्वतः १९७५ मध्ये सेंट आइव्हजच्या स्टुडिओतल्या आगीत गेली. आता तिथे तिचं संग्रहालय आहे.

वेकफिल्डला आलात तर प्लास्टरच्या नमुन्यांपाशी जरा जास्त थांबा. हत्यारांच्या खुणा तिथे जवळून दिसतात, आणि तिच्या कामाचा बाकही तिथेच ठेवलाय.