एक तरी गुराब (मराठा आरमाराचं लढाऊ शिडाचं जहाज) पुन्हा पाण्यात उतरवा

मोठ्या शिडाच्या जहाजावर शंभराच्या वर दोर असतात आणि प्रत्येकाची खुंटी ठरलेली असते. कुठला दोर कुठल्या शिडाचा, कुठला ओढला की शीड आवळलं जातं, कुठला सोडला की आडवी काठी फिरते, हे नव्या पोरांकडून आधी दिवसा पाठ करून घेतात आणि मग रात्री, अंधारात, पावसात, जहाज हलत असताना नुसत्या हातानं चाचपून ओळखायला लावतात. माझा भाचा नौदलात आहे, ट्रेनिंगला असताना तो आयएनएस तरंगिणीवर होता, त्याच्याकडून हे ऐकलं आणि तेव्हापासून मी या जहाजांच्या मागेच लागलोय. तो म्हणाला, "मामा, चुकीचा दोर सुटला तर वर काठीवर उभा असलेला आपलाच कोर्समेट खाली येईल, त्यामुळे पाठांतराला कुणी कंटाळा करत नाही."

तरंगिणी गोव्यात बांधली, गोवा शिपयार्डमध्ये, १९९७ ला नौदलात आली. ५४ मीटर लांब, तीन डोलकाठ्या, वीस शिडं. २००३-०४ मध्ये तिनं सगळ्या पृथ्वीला चक्कर मारली, आपल्या नौदलाच्या जहाजानं असं करायची ती पहिलीच वेळ. २०१२ ला तिची धाकटी बहीण सुदर्शिनी आली. दोघींचा मुक्काम कोचीला, आणि काम एकच, ऑफिसर होणाऱ्या पोरापोरींना वारा शिकवायचा.

आता कुणीही विचारेल की मिसाइल आणि सॅटेलाइटच्या जमान्यात वारा कशाला शिकायचा, मीही भाच्याला हेच विचारलं होतं. त्यानं जे समजावलं ते असं, की आडव्या काठ्यांवरच्या चौकोनी शिडांचं जहाज सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. तिरकं तिरकं जायचं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि बाजू बदलायची वेळ आली की जहाजाचं तोंड वाऱ्यातून पलीकडे काढायचं. त्या एका मिनिटात डेकवरचा प्रत्येक माणूस आपापल्या दोरावर पाहिजे. सुकाणू वळलं की पुढची छोटी शिडं सोडायची, मग मधल्या काठीवरच्या आडव्या काठ्या गर्रकन फिरवायच्या, मग पुढच्या, आणि हे मागंपुढं झालं तर जहाज मधेच वाऱ्याकडे तोंड करून अडकतं, वेग संपतो, वर मागं ढकललं जायला लागतं. यात कुणी एकटा हुशार असून भागत नाही, आणि कुणी आळशीपणा केला तर तो लगेच सगळ्यांना दिसतो. सिम्युलेटरवर बसून हे शिकता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्र समजायचा तर आधी तो अंगावर घ्यावा लागतो.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेर इटलीचं अमेरिगो वेस्पुची मुंबईला आलं होतं, लोकांना बघायला खुलं होतं, मी आणि बायको रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गेलो. १९३१ साली पाण्यात उतरलेलं जहाज, शंभर मीटर लांब, काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे, जुन्या लढाऊ जहाजांच्या तोफांच्या रांगा असायच्या त्याची ती खूण. इटलीचं नौदल अजूनही त्यावर दरवर्षी आपली पोरं पाठवतं. शिडं अजून जाड कॅनव्हासची, दोर झाडाच्या तंतूंचे, नायलॉनचे नाहीत. मी एका दोरावर हात ठेवून बघितला, खरखरीत, खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळलेला, आणि उरलेला दोर वेटोळं करून वर अडकवलेला, ओढला की एका झटक्यात सुटेल असा. ती खुंटी हात लागून लागून गुळगुळीत झाली होती, किती पिढ्यांच्या पोरांनी तिथं हात घातला असेल. म्युझियममध्ये काचेमागं ठेवलेल्या वस्तूला हे कधीच येत नाही.

म्युझियमला माझा विरोध नाही, उलट इंग्लंडमध्ये हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली नावाचं जहाज आहे त्याचा मला अभिमान वाटतो, कारण ते आपल्या मुंबईत बांधलंय, वाडियांच्या गोदीत, सागवानाचं, १८१७ साली. दोनशे वर्षं होऊन गेली, ते अजून पाण्यावर तरंगतंय. मधली कित्येक दशकं नाव बदलून तेही पोरांना शिकवायचं जहाज होतं, त्यामुळेच मोडीत जायचं वाचलं, हे विसरायला नको. पण आता ते एका जागी उभं आहे, शिडं भरून कुठं जात नाही. लाकूड वाचलं, चालवणारे हात गेले.

आणि आपलं काय वाचलंय हा प्रश्न मला सारखा सतावतो. आपण इथं आरमाराचा एवढा अभिमान सांगतो, सिंधुदुर्गाला सहली काढतो, स्टेटसला कान्होजी आंग्र्यांचे फोटो ठेवतो. त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, शाहू महाराजांच्या गादीनं म्हणजे साताऱ्यानं कायम केलं, म्हणजे ते आरमार घाटावरच्या राज्याचं होतं, फक्त कोकणाचं नाही. पण त्या आरमारातली एक गुराब आज बघायला मिळत नाही. एकही नाही. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार एका दिवसात जळालं, तोफा इंग्रजांच्या होत्या आणि त्यांना बोलावणारे पेशवे आपलेच होते. हे लिहितानाही वाईट वाटतं.

गुराब काय चीज होती ते त्या काळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय. दोन किंवा तीन डोलकाठ्या, तीनवाली तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात फार खोल न जाणारी, म्हणजे खाडीत शिरायला सोपी. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि निमुळती, तिला बाजूचा कठडाच नाही, कारण समोरून लाट आली की असं जहाज नाक खाली घालून आपटायचं, मग आत आलेलं पाणी अडायला नको, सरळ वाहून जावं. आणि त्या उघड्या नाळेवरून समोर डागता येतील अशा दोन तोफा. बरोबर गलबतं, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, वारा पडला की गुराबेला ओढत न्यायला. बांधणाऱ्यांनी आपला किनारा, आपल्या खाड्या, आपला वारा सगळं हिशेबात धरलं होतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, पण ती वळताना कशी वागायची, भर वाऱ्यात किती कलायची, शिडाचा दोर किती माणसं ओढायची, हे आज जिवंत माणसांत कुणालाच माहीत नाही.

आणि हे परत मिळवता येतं, कौंडिण्यनं ते दाखवून दिलंय. आयएनएसव्ही कौंडिण्य म्हणजे अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेलं जहाज, हाताशी नकाशा नाही, मोजमाप नाही, नुसतं भिंतीवरचं चित्र. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी गोव्यात फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून ते उभं केलं, खिळे नाहीत, आणि त्याच्या छोट्या मॉडेलच्या चाचण्या आयआयटी मद्रासला झाल्या. मे २०२५ ला ते कारवारला नौदलात आलं आणि डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचलं, इंजिनाशिवाय. एका चित्रावरून एवढं होत असेल तर गुराबेचं तर लेखी वर्णन आहे, विजयदुर्गाजवळ खडकात खोदलेल्या जुन्या गोदीच्या खुणा आहेत, कोकणात लाकडी होड्या बांधणारे कारागीर अजून आहेत. पुतळ्यांवर होतो त्यातला थोडा खर्च इकडे वळवला तरी एक गुराब उभी राहील असं मला मनापासून वाटतं. पण ती बांधून जेट्टीला दिवे लावून उभी करायची असेल तर नकोच, दरवर्षी कॉलेजची पोरं घेऊन मालवण ते मुंबई गेलीच पाहिजे.

आणि पोरं फक्त किनाऱ्यावरचीच घेऊ नका. पावसाळ्यात कृष्णा भरली की आमच्याकडे सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात, आयर्विन पुलावर उभं राहायला जागा नसते. वीस-वीस वल्ही एका ठेक्यात पडतात, सुकाणूवरचा माणूस धार कुठं आहे ते पाण्याच्या रंगावरून सांगतो, आणि हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नाही, बापाच्या नावेत बसून आलंय. २०१९ च्या महापुरात पाण्यात नाव घालू शकणारा माणूस किती मोलाचा असतो ते सांगलीनं बघितलंय. त्या शर्यतीतली चार पोरं गुराबेच्या पहिल्या तुकडीत असावीत, सांगलीवाडीची घ्या, डिग्रजची घ्या, पोहायला आणि दोर ओढायला ती कुणाला हार जाणार नाहीत. समुद्र लागेल त्यांना पहिले दोन दिवस, भाच्यालाही लागला होता.