फ्लोरिडा ए अँड एमचा १९७८ चा हंगाम

अमेरिकन फुटबॉलवर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, आणि साताऱ्यात बसून त्यावर लिहिणे अनेकांना विचित्र वाटेल. तरीही त्या खेळातला एक हंगाम माझ्या मनातून जात नाही. १६ डिसेंबर १९७८ रोजी टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथे फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या संघाने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला ३५-२८ असे हरवले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘वन-डबल ए’ या विद्यापीठीय फुटबॉलमधील दुसऱ्या क्रमांकाच्या राष्ट्रीय विभागाचे पहिले विजेतेपद मिळवले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेला हे विजेतेपद आजवर मिळालेले नाही.

हे विद्यापीठ टॅलाहसी या गावात १८८७ साली पंधरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक यांच्या बळावर सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मवर्षही तेच असल्यामुळे साताऱ्याच्या माणसाला हे साल चटकन लक्षात राहते. साम्य मात्र इथेच थांबवलेले बरे. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले मुद्दाम एका पंगतीला बसवली होती. फ्लोरिडात कायदाच मुलांना वेगळे ठेवत होता. त्याच टॅलाहसीत फ्लोरिडा स्टेट हे मोठे सरकारी विद्यापीठ आहे, आणि १९६२ पर्यंत तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता.

या बंद दारांचा खेळावर झालेला परिणाम समजून घेतल्याशिवाय १९७८ चा हंगाम कळत नाही. दक्षिणेकडच्या गोऱ्या विद्यापीठांत जाता येत नसल्यामुळे त्या भागातले उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू फ्लोरिडा ए अँड एम, लुइझियानातील ग्रॅम्बलिंग किंवा मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट अशाच संस्थांकडे येत. जेक गेदर या प्रशिक्षकांनी १९४५ ते १९६९ या काळात फ्लोरिडा ए अँड एमच्या संघाला २०३ सामने जिंकून दिले; त्यांच्या वाट्याला पराभव आले ते अवघे ३६. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकणारा बॉब हेज हा त्यांच्याच फुटबॉल संघातला. एवढे असूनही राष्ट्रीय पातळीवर त्यांची गाठ कोणाशी पडत नसे. त्यांना मिळणारी ‘कृष्णवर्णीय राष्ट्रीय विजेतेपदे’ ‘पिट्सबर्ग कुरियर’सारखी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे जाहीर करीत असत, कारण त्यांची दखल घेणारे दुसरे कोणी नव्हते. निवृत्तीच्या वर्षी, १९६९ मध्ये, गेदर यांनी आपला संघ टॅम्पा विद्यापीठाच्या बहुतांशी गोऱ्या संघाविरुद्ध उतरवला. दक्षिणेत असा सामना पूर्वी कधी झालेला नव्हता. तो त्यांनी ३४-२८ असा जिंकला.

त्यानंतरच्या काही वर्षांत मोठ्या विद्यापीठांची दारे उघडली, आणि न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते. परंतु ती उघडताच चांगले खेळाडू मोठी मैदाने, मोठा पैसा आणि दूरचित्रवाणीच्या दिशेने निघून जाऊ लागले. म्हणूनच १९७८ चे यश मला गेदर यांच्या काळातील यशापेक्षा मोठे वाटते. गेदर यांच्याकडे येणाऱ्या खेळाडूंना दुसरा पर्यायच नव्हता. १९७८ च्या संघाचे प्रशिक्षक रुडी हबर्ड यांच्या खेळाडूंपुढे पर्याय होते, आणि तरीही ते टॅलाहसीत आले.

हबर्ड स्वतः ओहायो स्टेट या बलाढ्य विद्यापीठाकडून खेळलेले आणि तिथेच मुख्य प्रशिक्षक वुडी हेज यांच्या हाताखाली प्रशिक्षक म्हणून तयार झालेले. १९७४ मध्ये ते टॅलाहसीत आले तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. १९७७ मध्ये त्यांच्या संघाने अकराच्या अकरा सामने जिंकले. पुढच्या हंगामात तेरांपैकी बारा जिंकले. चार संघांच्या बाद फेरीत उपांत्य सामना जॅक्सन स्टेटशी, म्हणजे दुसऱ्या कृष्णवर्णीय संस्थेशीच पडला, आणि तो १५-१० असा कसाबसा हाती लागला.

अंतिम सामन्याचे आकडे पाहिले की थक्क व्हायला होते. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. चेंडू फेकून जाता येते किंवा तो कवटाळून धावता येते. फेकण्यात झटपट फायदा असतो. धावण्यात मात्र कबड्डीतल्या चढाईसारखे समोरच्या बचावात शिरून, अंगावर येणाऱ्यांना झुगारत थोडी थोडी जमीन मिळवावी लागते. शंभर यार्डांच्या त्या मैदानावर फ्लोरिडा ए अँड एमने केवळ धावून ४७० यार्ड मिळवले. त्यांपैकी २०७ एकट्या माइक सॉलोमनचे. प्रतिस्पर्ध्याला पुढचा डाव ठाऊक आहे आणि तरीही तो थांबवता येत नाही, अशा खेळात एक वेगळीच जरब असते. छत्रपती शाहू क्रीडा संकुलात सरावाला येणाऱ्या आमच्या पोरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी गुणसंख्येपेक्षा या ४७० यार्डांबद्दलच अधिक प्रश्न विचारले.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, याच संघाने मायामी विद्यापीठालाही १६-१३ असे हरवले. मायामी तर वरच्या विभागातले. आज अशा निकालाची कल्पनाही करवत नाही.

मग दुसऱ्या कोणत्याही कृष्णवर्णीय संस्थेला ते विजेतेपद पुन्हा का मिळाले नाही? खेळाडूंचा ओघ आटला हे एक कारण झालेच. पण या संस्थांनी स्वतः निवडलेला मार्गही तितकाच कारणीभूत आहे. ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या लुइझियानातील दोन कृष्णवर्णीय विद्यापीठांतला न्यू ऑर्लिन्सचा वार्षिक सामना राष्ट्रीय बाद फेरीच्या सुरुवातीच्या आठवड्यातच येतो. त्या सामन्याला लोटणारी गर्दी, मध्यंतरातले बँड आणि मिळणारे उत्पन्न सोडून परगावी बाद फेरी खेळायला जाणे त्यांना परवडत नाही. २०१५ पासून कृष्णवर्णीय संस्थांच्या दोन प्रमुख गटांचे विजेते अटलांटात ‘सेलिब्रेशन बोल’ या सामन्यात भेटतात. १६ डिसेंबर २०२३ रोजी फ्लोरिडा ए अँड एमने तिथे हॉवर्ड विद्यापीठाला ३०-२६ असे हरवले. या व्यवस्थेला काही समीक्षक माघार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण ज्या सामन्याला आपली माणसे हजारोंनी येतात तो सोडून परक्या मैदानावर पात्रता सिद्ध करत बसण्याची गरज या संस्थांना १९७८ नंतर उरलेली नाही.