प्रमाणपत्राच्या मागची पानं

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, एलडीचं सर्टिफिकेट कुठं मिळतं?" विचारणारे बहुतेक पालक असतात, कधी एखादे मुख्याध्यापक. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, मराठीत अध्ययन अक्षमता: मूल हुशार असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडतं. मूल नववी-दहावीत असतं. म्हणजे त्याची अक्षरं चुकतात, वाचताना ओळी सुटतात, हे पहिली-दुसरीपासून सगळ्यांना दिसत होतं. तपासणीची आठवण मात्र बोर्डाच्या तोंडावर झाली.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात गटसाधन केंद्राकडून, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राकडून, विशेष शिक्षिका म्हणून शाळांवर फिरते. या तपासणीतून जे कागद हाती येतात त्यांतला एकच कागद सगळे जपून ठेवतात: प्रमाणपत्र. त्यामागे जोडलेला अहवाल कुणी उघडत नाही. आणि मुलाला शिकवायचं कसं, हे त्या अहवालातच असतं.

प्रमाणपत्राला मी कमी लेखत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखसुद्धा नव्हता, तरी महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले आणि त्यात अध्ययन अक्षमतेला जागा मिळाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणं, या सवलतींवर कित्येक मुलं दहावी पास झाली आहेत. पण सवलत परीक्षेपुरती असते. मूल वर्गात दहा वर्षं बसतं.

तपासणीची सुरुवात वर्गशिक्षकापासून होते. एनसीईआरटी या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थेने २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाची पडताळणी सूची आणि ॲप काढलं. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा माझ्यासारखीने. ही फक्त शंका नोंदवण्याची जागा आहे. सूचीत खुणा जास्त आल्या म्हणून मूल 'एलडी' ठरत नाही, हे मला प्रत्येक शाळेत सांगावं लागतं. कारण ती खूण पडली की पोराकडे बघायची नजर बदलते आणि निदान व्हायच्या आधीच त्याला शेवटच्या बाकावर बसवलं जातं.

त्यानंतर आधी डोळे आणि कान. ही पायरी वरवर उरकली जाते, म्हणून जरा थांबून सांगते. तिसरीतली एक मुलगी 'काहीच समजत नाही' म्हणून माझ्याकडे आली होती. शेजारी बसून बोललं की उत्तरं बरोबर देत होती, पाठमोरं बोललं की गप्प. तिचा कान लहानपणापासून वाहत होता, घरात कुणाला त्यात विशेष वाटलं नव्हतं. कानाचा उपचार झाला, पुढच्या बाकावर जागा मिळाली, आणि बुद्ध्यांकाच्या चाचणीपर्यंत जायची गरजच पडली नाही.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आधी विचारावी लागते: मूल वर्षात किती महिने शाळेत असतं? दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, निघतात, आईबापाबरोबर पोरंही कारखान्यावर जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. चौथीतल्या मुलाला जोडाक्षरं येत नाहीत, पण जोडाक्षरं शिकवली तेव्हा तो उसाच्या फडात होता. शिकवलंच गेलं नसेल तर त्याला अक्षमता म्हणता येत नाही. निदानाचा हा पाया आहे. अशा मुलाला तपासणीला पाठवण्याआधी मी शाळेकडून हजेरीच्या नोंदी लिहून घेते आणि फाईलला जोडते. तपासणाऱ्याला शहरात बसून हे दिसणार नाही.

आता एका मुलाबद्दल सांगते. त्याचं नाव, गाव काही लिहीत नाही. चौथीत होता, हजेरी उत्तम, बापाचं किराणा दुकान. त्याच्या वहीत 'पाऊस' चा 'पउस' होता, 'शेतकरी' चा 'शेकरी', आणि 'विद्यार्थी' हा शब्द एकाच पानावर तीन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेला. घ आणि ध, भ आणि म यांत कायमची गल्लत. फळ्यावरचं उतरवताना एक अक्षर बघायचा, खाली मान घालायचा, पुन्हा वर बघायचा. तोवर सर फळा पुसायचे. त्याची आई मला म्हणाली, "बाई, दुकानात चार गिऱ्हाईकांचा हिशोब तोंडी करतो हो ह्यो. मग वहीतच काय होतं ह्याला?"

एवढा नेमका प्रश्न मी कुठल्याही फॉर्मवर वाचलेला नाही. मुलाला तपासणीला पाठवतानाच्या संदर्भपत्रात मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

तपासणी केंद्रावर आधी बालरोगतज्ज्ञ जन्मापासूनची माहिती विचारतात: रडला कधी, चालला कधी, बोलला कधी, फिट्स आल्या का. मग मानसशास्त्रज्ञाकडे बुद्ध्यांकाची चाचणी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी वापरतात. तिचे दोन भाग असतात. एकात तोंडी उत्तरं द्यायची: माहिती, शब्दांचे अर्थ, तोंडी गणितं, ऐकलेले आकडे सरळ आणि उलट म्हणून दाखवणं. दुसऱ्यात हाताने करायचं: ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, तुकडे जोडणं, खुणा भरणं. त्या खोलीत आम्हाला प्रवेश नसतो, आणि ते योग्यच आहे. बाहेर बाकावर त्याची आई दर थोड्या वेळाने विचारत होती, "नापास तर न्हाई करणार ना?" यात पास-नापास नसतं, हे तिला घरून निघतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मुलालाही. काही मुलं इंजेक्शनच्या भीतीने आत जातात आणि अर्धा वेळ दाराकडे बघत काढतात. तसं झालं तर येणारा आकडा बुद्धीचा राहत नाही, भीतीचा होतो.

बुद्ध्यांक ८५ च्या वर आला की पुढच्या चाचण्या होतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला सांगितली होती: वाचन, लेखन, गणित, आकृत्या उतरवणं, ऐकून-बघून लक्षात ठेवणं. मूल कुठल्या इयत्तेत आहे आणि वाचतंय कुठल्या इयत्तेचं, हे अंतर इथे कळतं.

या मुलाचं अंतर दोन इयत्तांहून जास्त निघालं. प्रमाणपत्र मिळालं, शाळेने त्याची झेरॉक्स फाईलला लावली आणि विषय संपला.

अहवाल मी मागून घेतला. त्यात लिहिलं होतं: गोष्ट वाचून दाखवली तर तिच्यावरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर. स्वतः वाचली तर निम्म्याहून कमी. ऐकलेले आकडे क्रमाने लक्षात ठेवणं फार कमजोर. तोंडी गणित वयाप्रमाणे, मांडणी करून सोडवताना हातचा विसरतो. याचा सरळ अर्थ, या मुलाला परिसर अभ्यास येतो, वाचता येत नाही म्हणून तो शून्य मिळवतोय. एका दमात तीन सूचना दिल्या तर तिसरी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सरांशी बसून हे बोलल्यावर त्यांनी स्वतःहूनच ठरवलं की घटक चाचणीत त्याला प्रश्न वाचून दाखवायचे आणि उत्तर तोंडी घ्यायचं. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद द्यायचा. मी आठवड्याला एकदा जाऊन जोडाक्षरं फोडून शिकवते: आधी तोंडाने तोडायची, टाळी वाजवत, मग पाटीवर. यातलं काहीही प्रमाणपत्रावर लिहिलेलं नव्हतं.

आणि ज्यांना प्रमाणपत्र मिळतच नाही त्यांचं काय? बुद्ध्यांक ७० च्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमता, ८५ च्या वर असेल तर अध्ययन अक्षमतेचा विचार. मधली मुलं कुठेच बसत नाहीत. ७८ आकडा घेऊन आलेल्या मुलीचे वडील मला विचारतात, "मग हिला काहीच झालं नाही म्हणायचं का?" तिला वाचायला त्रास आहे, गणित जमत नाही, आणि सवलत एकही नाही. माझ्या तालुक्यात अशी मुलं भरपूर आहेत. त्यांच्या बाबतीत तर अहवाल हा एकच आधार असतो, आणि 'पात्र नाही' हा शब्द वाचून तोही फेकला जातो. याचा मला मनापासून राग येतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की शिक्षण संस्थांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि त्यावर अध्यापनाचे योग्य ते उपाय करावेत. ओळखणं आणि उपाय, दोन्ही एकाच वाक्यात आहेत. आपण पहिला अर्धा भाग पाळतो, तोही उशिरा. २०१८ च्या सूचनांत (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) आठ वर्षं पूर्ण झाल्यावर हे प्रमाणपत्र देता येत होतं, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. म्हणजे तिसरीतच दार उघडलेलं होतं. आठच्या आधी प्रमाणपत्र नव्हतं, कारण लहान मुलांचं वाचन कमी-जास्त वेगाने येतं. पण मदत करायला कुणी आठ वर्षांची वाट बघायला सांगितलेली नाही.

तपासणीला जाणार असाल तर मुलाच्या या वर्षीच्या आणि मागच्या वर्षीच्या वह्या न्या. नीट लिहून घेतलेल्या नकोत, वर्गातल्या, खाडाखोडीच्या न्या. प्रगतिपुस्तकं, डोळे-कान तपासल्याचे कागद आणि शिक्षकांचं पत्र बरोबर ठेवा. घरात कुठली बोली बोलता ते आधीच सांगा, वडारी असो, बंजारा असो की आणखी कुठली. प्रश्नाची भाषाच कळली नाही तर मूल उत्तर देणार कुठून? मुलाला सकाळी पोटभर खाऊ घाला. ताप असेल तर त्या दिवशी जाऊच नका, दुसरी तारीख घ्या. आणि निकाल घ्यायला जाल तेव्हा पूर्ण अहवाल मागा. देताना जे समोर असतील त्यांना विचारा की याला काय चांगलं जमतं, काय जमत नाही, आणि उद्या वर्गात शिक्षकांनी काय वेगळं करायचं. उत्तर कागदावर घ्या. त्याची एक प्रत वर्गशिक्षकांच्या हातात द्या, ऑफिसच्या फाईलमध्ये नको. जूनमध्ये वर्ग बदलला, शिक्षक बदलले, की पुन्हा द्या.